पांढऱ्या बुंध्यांची बाग

वेरबोवा बाल्का गावात रायिसाच्या सफरचंदाच्या बागेइतकी नीटस बाग दुसरी नव्हती, आणि हे रायिसा स्वतःच सगळ्यांना सांगत असे. अडुसष्ट वर्षांची ही बाई एकतीस वर्षं दूध संकलन केंद्रात दुधाची फॅट तपासत होती. नवरा गेल्यावर सात ओळींतली बेचाळीस झाडं एवढाच तिचा संसार उरला. मुलगी पोल्तावा शहरात असे. ती दर रविवारी फोनवर निघून ये म्हणायची, आणि रायिसा विचारायची, ‘बेचाळीस झाडं तुझ्या दोन खोल्यांत कुठं ठेवू?’

युद्धाच्या तिसऱ्या वर्षी फेब्रुवारीत आपल्या सैन्याने पूर्वेकडचं शहर सोडलं. तीन दिवस माणसं गावातून पायी मागे जात होती. चिखलाने माखलेली, काहींच्या हातात बंदूकही नव्हती. चौथ्या दिवशी उलट एक चिलखती गाडी गावात येऊन थांबली. पट्ट्यांवर चालणारी, माथ्यावर चार क्षेपणास्त्रं, वय जवळजवळ चाळीस. तिचा प्रमुख ओस्ताप लाकूडकामाचा मिस्त्री होता आणि क्षेपणास्त्र सोडणारा यारेमा शाळेत भूगोल शिकवायचा. दोघांचीही पन्नाशी जवळ आली होती. त्यांनी रायिसाला विचारून बागेच्या मधोमध गाडी घातली आणि ती वरून दिसू नये म्हणून तिच्यावर थेट जमिनीपर्यंत जाळी सोडली. जाळीखाली सहा झाडंही झाकली गेली. जाळीला कुणी हात लावायचा नाही, अगदी मावशींनीही नाही, एवढी एकच ताकीद ओस्तापने दिली.

गाडी आली तशी शत्रूची हेलिकॉप्टरं गावाजवळ फिरकेनाशी झाली. दिवसभर डोक्यावर घोंघावणारे टेहळणीचे ड्रोनही कमी झाले, कारण आलेला ड्रोन यारेमा सहसा परत जाऊ देत नसे. रायिसा रोज मोठं पातेलं भरून बोर्श, म्हणजे बिटाचं सार, करी. यारेमा म्हणायचा की मावशींच्या बोर्शातलं मीठ चाखलं की त्याला मृत समुद्र आठवतो. त्यावर ती म्हणायची, ‘मग पोहत पोहत जा तुझ्या बायकोकडे. ती अळणी वाढेल.’ आणि तो दुसऱ्यांदा वाटी पुढे करायचा. गावात राहिलेल्या अकरा जणांना ती ठणकावून सांगे, की ही गाडी आहे तोवर मी आहे.

एप्रिलच्या सुरुवातीला ओस्ताप आणि यारेमा नवी क्षेपणास्त्रं भरायला गाडी घेऊन दोन दिवस मागे गेले. रिकामी जाळी जागेवर तशीच उभी होती. ईस्टर महिन्यावर आला होता. ईस्टरच्या आधी झाडांचे बुंधे पांढरे करायचे, हे त्या मुलखात घर झाडण्याइतकंच साधं काम. ज्याची झाडं तशीच राहतात त्याच्या घरात कुणी आजारी आहे किंवा कुणी उरलेलं नाही, असंच लोक समजतात. रायिसाने तळघरातून चुन्याची पिशवी काढली, त्यात मोरचूद कालवलं आणि दोन दिवस कमरेत वाकून छत्तीस बुंधे कंबरेएवढे पांढरे केले. वर एक ड्रोन घोंघावत होता. तिने एकदा मान वर करून त्याला शिवी दिली आणि पुढच्या झाडाकडे वळली. जाळीपाशी आली तेव्हा तिला ओस्तापची ताकीद आठवली. आतली सहा झाडं तिने तशीच सोडली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी परत आली आणि जाळीखाली शिरली.

त्यानंतरच्या सकाळी ओस्ताप दोघांचं जेवण घ्यायला रायिसाच्या स्वयंपाकघरात आला होता. यारेमा गाडीत पहाऱ्यावर होता. रायिसा पातेल्याचं झाकण उचलत असताना आवाज झाला. आवाज नव्हेच तो, घरच एका बाजूने ढकलल्यासारखं झालं. खिडकीच्या काचा बोर्शात पडल्या. ती हातात झाकण घेऊन उभी राहिली. ओस्ताप दारातून बाहेर धावला. बागेच्या मधोमध आगीचा लोळ होता आणि गाडीतली क्षेपणास्त्रं एकामागून एक फुटत होती. कितीतरी वेळाने ओस्ताप परत आला तेव्हा त्याचे तळहात भाजलेले होते. तो एकटाच आला होता. रायिसाने झाकण अजून खाली ठेवलं नव्हतं.

गाडी गेली आणि आकाश मोकळं झालं. ड्रोन गावावर दिवसभर लटकू लागले, ते दाखवतील तिथे तोफगोळे पडू लागले. चौथ्या दिवशी सैन्याला मागे हटण्याचा हुकूम आला. त्याच सकाळी शेजारची क्लावा पोतडी बांधूनच रायिसाकडे आली. तिच्या फोनमध्ये शत्रूच्या लोकांनी फुशारकीने पसरवलेली एक चित्रफीत होती.

‘बघ राया, तुझी बाग,’ ती म्हणाली. ‘वरून कशी दिसते बघ.’

रायिसाने पाहिलं. पांढऱ्या ठिपक्यांच्या सरळ ओळी होत्या आणि मधोमध एक काळा चौकोन होता, जिथे एकही ठिपका नव्हता. मग तिला बादली घेतलेलं एक लहानसं माणूस दिसलं. ते एका झाडाकडून दुसऱ्या झाडाकडे जात होतं. चौकोनाच्या कडेशी ते थांबलं, थोडा वेळ उभं राहिलं आणि वळलं. त्याच्या डोक्यावर निळा रुमाल होता. त्यानंतर कुणीतरी चौकोनाभोवती लाल रेघ ओढली होती. पुढे लगेच आग होती.

क्लावा काहीतरी बोलत होती. रायिसाला फक्त तिचे ओठ हलताना दिसत होते. तिने डोक्यावरचा रुमाल काढला, बाकावर ठेवला आणि पुन्हा त्याच्याकडे पाहिलं नाही. सैन्याच्या मालमोटारीतून निघायचं म्हणून क्लावाने तिचा हात ओढला, तेव्हा तिने तो सोडवून घेतला. शेवटी क्लावा एकटीच गेली.

दुपारी ओस्ताप एक जुनी पिकअप घेऊन आला. हातांना पट्ट्या होत्या. बाकीचे सगळे निघाले, आपल्याजवळ वीस मिनिटं आहेत, असं त्याने दारातूनच सांगितलं. रायिसा बाकावरून उठली नाही.

‘यारेमाला मी मारलं,’ ती म्हणाली. ‘तो चुना.’

ओस्ताप चौकटीला टेकला.

‘मी पाहिली ती चित्रफीत.’

‘मग मला न्यायला कशाला आलास?’

‘मावशी, ती मी नंतर पाहिली. बुंधे आधीच पाहिले होते. त्या संध्याकाळी फाटकातून गाडी आत घेतली तेव्हा. मी यारेमाला म्हटलं, बघ, मावशींनी सण आणला. तो म्हणाला, माझी आई अशीच करायची. वीस मिनिटं त्या झाडांकडे बघत बसलो आम्ही. दोघंही. आकाशातून काय दिसेल याचा पगार मिळतो आम्हाला, आणि आम्ही नुसते बघत बसलो.’

मग तिने यारेमाच्या बायकोचा नंबर मागितला. तिला सांगायला हवं, म्हणाली.

‘नाही देणार.’

‘तिला कळायला हवं.’

‘तिला एवढं ठाऊक आहे की तो आपल्या जागेवर होता. तेवढंच आहे तिच्याकडे. ते काढून घेऊन तुम्हाला हलकं वाटणार असेल, तर नका वाटून घेऊ हलकं.’

रायिसाने मान खाली घातली. दूर कुठेतरी गोळा पडला आणि कपाटातल्या बरण्या वाजल्या. ओस्ताप म्हणाला की ती उठली नाही तर तोही इथेच थांबेल, आणि आणखी एका माणसाचा हिशेब तिच्याकडे द्यायची त्याची इच्छा नाही. हे त्याने इतक्या साध्या आवाजात सांगितलं की ती उठली. तिने दार ओढून घेतलं, कुलूप लावलं नाही.

पिकअपमध्ये ड्रोनची सूचना देणारं यंत्र बंद पडलेलं होतं. ओस्तापने दोनदा त्यावर बुक्की मारली, मग तिच्या बाजूच्या खिडकीची काच खाली केली.

‘मी रस्ता बघतो,’ तो म्हणाला. ‘आकाश तुम्ही बघायचं. पाखरू दिसलं तरी ओरडा. पाखरू आहे की काय, ते मी ठरवीन.’

‘माझ्या भरवशावर?’

‘दुसरं कोण आहे गाडीत?’

तिने डोकं खिडकीबाहेर काढलं. वाऱ्याने पांढरे केस तोंडावर येत होते, ते ती एका हाताने मागे दाबून धरत होती. डावीकडे तिचं फाटक येऊन गेलं, मग जळकी बाग, मग दूध केंद्राची भिंत. तिने यातलं काहीच पाहिलं नाही. सैन्य थांबलं होतं तिथवर रस्ता चौदा किलोमीटरचा होता. तिने दोनदा कावळा आणि एकदा ढगाचा तुकडा पाहून ओरडून सांगितलं, आणि तिन्ही वेळा ओस्तापने गाडी झाडाखाली घालून थांबवली.