लटकून पाहा, बाई

कोणाच्याही घरात शिरले की ते आधी भिंतीवर टकटक करत. दारावर करायला विसरत, पण भिंतीवर विसरत नसत. बोटाचं पेर वळवून हळूच वाजवायचं, मग कान लावायचा आणि घरातल्यांना हातानेच गप्प राहायची खूण करायची. घरातली माणसंही मुकाट्याने गप्प बसत. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली तर ते कुकरकडे असं बघत, की घरच्या बाईला ओशाळल्यासारखं होई.

"काय म्हणते?" शेवटी कोणीतरी विचारी.

"तेजीची हाय," ते सुस्कारा टाकून सांगत. क्वचित एखाद्या घरी "मंदीची हाय" म्हणत, आणि मग त्या घरी चहा मागून घेत.

हे आमचे वायरमन. त्यांना नाव होतं, पण अकोल्यात आमच्या भागात ते वापरायची वेळ कोणावर आली नाही. वायर ओढायला, मोटार बांधायला दुसरे लोक होते. हे भिंतीवर बोर्ड बसवत. दिव्याच्या बटणांचे, प्लगचे, पंख्याच्या रेग्युलेटरचे. त्या काळी बोर्ड लाकडाचे असत आणि बहुतेक घरांत ते एका स्क्रूवर लोंबत. बटण दाबायला एका हाताने बोर्ड धरायचा आणि दुसऱ्या हाताने दाबायचं, ही पद्धत तुम्हीही पाहिली असेल. आमच्या वायरमनना हा प्रकार बघवत नसे. लग्नघरी जेवायला गेले तरी बोर्ड हलताना दिसला की ताटावरून उठत.

तेजी-मंदीचं प्रकरण कळायला आमची चाळ बघायला हवी. चाळ म्हणायची इतकंच, मुळात ती कापसाची वखार. फार पूर्वी सातासमुद्रापलीकडे कुठेशी लढाई जुंपली आणि वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या तेजीत कोणा अडत्याने घाईघाईने ही वखार उठवली. पुढे तेजी गेली, अडत्या गेला, मधे भिंती घालून खोल्या पाडल्या गेल्या आणि आम्ही भाडेकरू आलो. जुन्या भिंती बाहेरून हातभर जाड, बघणाऱ्याला किल्ला वाटावा. आत मात्र दोन्ही बाजूंना विटा आणि मधे हाताला लागेल ती भर. माती, खापरं, एका खोलीत तर चक्क सरकी निघाली. वायरमनचं म्हणणं असं, की पैसा धो धो येतो तेव्हा माणूस बाहेरून चिरेबंद बांधतो आणि मधे काहीही कोंबतो. हात आखडता असतो तेव्हा एकेक वीट बघून लावतो. अख्ख्या अकोल्याची त्यांनी अशी वाटणी करून टाकली होती. त्यात माणसंही होती. आमच्या शाळेचे मुख्याध्यापक एकदा रस्त्यात भेटले. ते पुढे गेल्यावर वायरमन मला हळूच म्हणाले, "तेजीचे हायेत." मी हसले नाही. मला तिथे नोकरी करायची होती.

काम झालं की परीक्षा असे. बोर्डाच्या वरच्या कडेला बोटं अडकवून ते स्वतः लोंबकळत. अंगाने ते काटकुळे, तेवढ्याने त्यांचं समाधान होत नसे. मग घरातलं सगळ्यात वजनदार माणूस कोण ते बघून त्याला बोलावत. आमच्या घरी मी आणि माझा लहान मुलगा, तेव्हा ते माणूस मी.

"लटकून पाहा, बाई."

"अहो, बटण दाबायचं आहे मला. लटकायचं कशाला?"

"तुमी नाई लटकणार. पण कोणी ना कोणी लटकते. पिशवी लटकोते, छत्री लटकोते, कॅलेंडर लटकोते. बोर्डाले काय मालूम, पिशवी हाय का बाई हाय?"

मी लटकले. बोर्ड हलला नाही. शाळेत मी ही गोष्ट कोणाला सांगितली नाही.

जठारपेठेत मात्र या परीक्षेने घोटाळा केला. नवा बंगला, नवा रंग, दुसऱ्या दिवशी वास्तुशांत. वायरमननी बोर्ड बसवला आणि सवयीने लोंबकळले. बोर्ड त्यांच्या हातात आला आणि बोर्डामागे भिंतीचं प्लास्टर आलं, छतापासून खिडकीपर्यंत, भल्यामोठ्या पापडासारखं. मालक धावत आले. वायरमन विटांच्या धुळीत उभे. डोक्यावरचा चुना झटकत ते म्हणाले, "आज पडलं थे बरं झालं. उद्या पाहुण्याइच्या पानात पडलं असतं." त्या घरी त्यांना पुन्हा बोलावलं नाही. ते मात्र त्या बंगल्यावरून जाताना दर वेळी मान हलवत आणि म्हणत, "तेजी."

त्यांची कला होती गिट्टीत. गिट्टी म्हणजे भिंतीत बसवायचा लाकडाचा तुकडा. स्क्रू भिंतीत नाही, या लाकडात पिळायचा असतो. इतर लोक गिट्टीचं निमुळतं टोक आत घालून वरून हाणतात. हे त्यांना पटत नसे. "गाय बांधाची हाय का?" ते विचारत. त्यांची गिट्टी उलटी. रुंद बाजू आत, निमुळती बाहेर. त्यासाठी भोकही तसंच कोरायचं, तोंड लहान आणि पोट मोठं. मग उरलेल्या फटीत चुन्यात भिजवलेला कापूस ठासायचा. कापूस ते घरच्यांकडून मागत. वऱ्हाडातल्या घरात कापूस मागायला लाजायचं कशाला, असं त्यांचं म्हणणं. चुना वाळेपर्यंत कोणी बोर्डाला हात लावायचा नाही. कोणी लावला तर त्या घरी ते आठवडाभर रुसत.

आता आबांची गोष्ट. आबा म्हणजे माझे वडील. पातूरला आमचा मळा. वांगी, पालक, बांधाला शेवंती. आबांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं तेव्हा मी त्यांना अकोल्याला आणलं. येताना त्यांनी कुदळ बरोबर घेतली. इथे कुठे खणणार, असं विचारायची माझी छाती झाली नाही. कुदळ खाटेखाली गेली.

सकाळी आमच्या ओट्यासमोरून भाजीवाल्या जात. ओट्यावर बसायचं, त्यांच्या टोपल्यांत डोकावायचं आणि त्यांच्या वांग्यांना नावं ठेवायची, एवढीच आबांची आता इच्छा होती. पण त्यासाठी खाटेवरून उठावं लागे आणि उठायला आधार लागे. मी हात पुढे केला की ते ओरडत, "बाजूले हो, पोरी." मळ्यात कोणाचा हात धरून चाललो नाही, तर चाळीत धरू काय, हा त्यांचा हिशेब. खाटेशेजारी भिंतीवर एक जुना बोर्ड होता, वायरमनच्या आधीच्या काळातला. आबा उजव्या हाताने तो धरून उठू लागले. मी शाळेत असताना एक दिवस बोर्ड तारांसकट त्यांच्या हातात आला. लाइट गेलेली होती म्हणून ते वाचले. मी घरी आले तेव्हा ते मांडीवर बोर्ड घेऊन बसले होते, चहाचा ट्रे धरावा तसे. "घे," म्हणाले.

त्यानंतर ते भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागले. जेवण अर्ध्यावर आलं. भाजीवाल्या ओरडत गेल्या तरी मान वळेना. आबा आता उठले नाहीत तर उठायचेच नाहीत, हे मला स्वच्छ दिसत होतं. मी वायरमनना बोलावलं. बोर्डासाठीच बोलावलं, दुसरं काही मला सुचलं नव्हतं.

त्यांनी भिंत वाजवली, कान लावला, सुस्कारा टाकला. मग आबांना म्हणाले, "बाबा, बोर्ड ही धराची वस्तू नाई."

"मंग काय धरू?" आबा भिंतीकडे तोंड करूनच बोलले. "इचा हात धरू?"

"नका धरू," वायरमन म्हणाले. त्यांना यात वावगं काही वाटलं नाही. "तुमचा हात कुठी पडते थे दाखवा फक्त."

आबांनी हात उचलून भिंतीवर आपटला. वायरमननी माझ्या पर्समधून खडू मागून घेतला आणि तिथे खूण केली. बोर्ड त्यांनी वर, आबांच्या हाताबाहेर नेला. खुणेच्या जागी काय लावायचं ते शोधत घरभर फिरले, वाकून खाटेखाली बघितलं आणि कुदळ बाहेर ओढली. बाभळीचा दांडा, आबांच्या तळव्यांनी गुळगुळीत झालेला.

"हा कापू काय, बाबा?"

आबांनी तोंड आमच्याकडे फिरवलं. मला वाटलं आता शिव्या येणार. "काप," ते म्हणाले. "पण मुठीकडचा घेजो. तठी हात बसते."

दांड्याचा मुठीकडचा तुकडा दोन ठोकळ्यांवर भिंतीत उभा बसला. कापूस आबांच्या उशीतून काढला. चुना वाळेपर्यंत वायरमन रोज येऊन बघून जात आणि आबा रोज विचारत, "झाला का?" शेवटी परीक्षा झाली. ते लोंबकळले, मग अर्थातच मी लोंबकळले. मग आबांनी दांडा धरला. मी सवयीने पुढे झाले.

"बाजूले हो."

ते उठले. एक पाय ओढत दारापर्यंत गेले, ओट्यावर टेकले आणि समोरून जाणाऱ्या बाईला म्हणाले, "हे वांगे हायेत का गोट्या?" मी आत येऊन रडले. वायरमन भिंतीला कान लावून उभे होते. "चूप हाय," ते म्हणाले. भिंतीबद्दल.

पुढे आबा होते तोवर ते अधूनमधून दांडा ओढून बघायला येत. दोघे ओट्यावर बसत. आबा वांग्यांबद्दल बोलत, वायरमन भिंतींबद्दल. एकमेकांचं ऐकत होते असं मला कधी वाटलं नाही, पण एक आला नाही तर दुसरा चौकशी करी. आबा गेले त्या दिवशी वायरमन आले, दांड्यावर जरा वेळ हात ठेवून गेले.

त्यानंतर कधीतरी प्लास्टिकचे बोर्ड आले, भिंतीच्या पोटात जाणाऱ्या नळ्या आल्या, आणि वायरमनना बोलावणारं कोणी उरलं नाही. मग कळलं, की ते पडले. जन्मभर शिडीवर चढलेला माणूस घरच्या पाटावरून पडला. कंबरेचं हाड मोडलं. मुलीने त्यांना अमरावतीला नेलं. मी भेटायला गेले तेव्हा ते खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. मुलगी दारातच कुजबुजली, "डॉक्टर म्हणतात उठवा, नाहीतर कायमचे झोपतील. पण हात लावू देत नाहीत, काकू. अंगावर खेकसतात."

हे तोंड फिरवणं मला ओळखीचं होतं. मी परत अकोल्याला आले. सुताराला बोलावून आबांचा दांडा काढायला सांगितला. त्याने स्क्रू पिळले, पहार लावली, घाम पुसला. म्हणाला, "बाई, भिंत येईन, हे नाई येत." मग मला आठवलं. खाटेखाली अजून कुदळ होती, उरलेल्या अर्ध्या दांड्यासकट.

तो दांडा, हातोडी, छन्नी आणि चुना घेऊन मी पुन्हा अमरावतीला गेले. एसटीत कंडक्टरने पिशवीकडे दोनदा बघितलं. त्यांच्या खोलीत गेल्यावर मी आधी भिंतीवर टकटक केली आणि कान लावला.

"काय म्हणते?" त्यांनी विचारलं.

"तेजीची आहे."

"अमरावतीत आता सगळी तेजीच हाय," ते म्हणाले आणि कुशीवर वळले. "भोक कोरा. तोंड लहान. हातोडी अशी धरतेत काय? खडू हाय का थो?"

मी कोरत गेले, ते बोलत गेले. त्यांनी मला बह्याड, म्हणजे वेडपट, म्हटलं, दोनदा तरी म्हटलं असेल. मी मास्तरीण आहे, निवृत्त का असेना, मला असं कोणी म्हणत नाही. कापूस पाहिजे म्हटल्यावर मुलीने घर उलथंपालथं केलं. एवढ्या अमरावतीत त्या फ्लॅटमध्ये बोटभर कापूस निघेना. उशीत फोम होता. शेवटी तिने देवापुढच्या वातींचं पुडकं आणून दिलं आणि घाबरून वडिलांकडे पाहिलं.

"दे," ते म्हणाले. "देव एक दिवस अंधारात राह्यला तं काई होत नाई."

चुना वाळेपर्यंत मी तिथे मुक्काम केला. रोज सकाळी ते विचारत, "वाळला का?" आणि मी म्हणे, "हात लावू नका." वाळल्यावर मी स्वतः होऊन लोंबकळले. दांडा हलला नाही. मग त्यांनी पकडला, ओढून पाहिला, कान लावला. मुलगी हात पसरून पुढे झाली.

"बाजूले हो," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून, जरा आदराने, "तुमीबी, बाई."

ते उठले. काठी टेकत समोरच्या भिंतीपर्यंत गेले आणि भर दुपारी दिवा लावला, विझवला, पुन्हा लावला. "बटण ढिलं हाय," म्हणाले. त्या दिवशी ते इतके खूश होते, की त्यांनी सगळ्या घरातली बटणं तपासली.

त्यानंतर ते दोन पावसाळे जगले. स्वतःच्या पायांनी दारापर्यंत जात होते, असं मुलीने कळवलं. दांडा अजून तिथेच आहे. काढायचा म्हटला तरी निघायचा नाही.

आमच्या चाळीतलाही आहे. खाट तीच, फक्त तीवर आता मी असते. माझे गुडघे गेले आहेत. सकाळी सून धावत येते, हात पुढे करते, चांगली मुलगी आहे. मी दांडा धरते, आधी एकदा ओढून पाहते, भिंतीला कान लावते. मग तिला सांगते, "बाजूला हो."