आईनं पकडलेलं डबिंग

मंडळी, मी पंचवीस वर्षांची घोडी अजून ‘कार्टून’ बघते, ही आमच्या मोहाडीच्या घरातली जुनी तक्रार. आज जेवणं झाल्यावर आईला हट्टानं शेजारी बसवलं आणि माझा लाडका जपानी अ‍ॅनिमे हिंदी डबिंगमध्ये लावला.

प्रसंग असा की मुलगी पास झाल्याचं सांगते. पाठमोरा बाप तिच्या वाटीत भात वाढतो आणि म्हणतो, "बेटी, मुझे तुम पर गर्व है।"

आई लगेच म्हणाली, "हे त्याचं बोलणं नोहे."

"काहून?"

"भात वाढून राहिला ना तो? मंग बोलते कायले? तुले नोकरी लागली तं तुया बाप बोलला काय काही? तरावावर गेला अन् मासोऱ्या घेऊन आला!"

माझ्या अंगावर काटाच आला. हा अ‍ॅनिमे ज्या ‘मांगा’वरून, म्हणजे जपानी चित्रकथेवरून केलाय, ती माझ्या मोबाइलमध्ये होती. तेच पान उघडून आईला दाखवलं. बाप भात वाढतोय आणि पानावर एकही शब्द नाही.

आई टाळ्या पिटून हसली. खाटेवर पडलेले बाबाही हसले, अर्थात न बोलता. मग आवाज बंद करून आम्ही तिघांनी तो प्रसंग पुन्हा पाहिला. कितीदा पाहिलाय मी तो, पण डोळे आज पहिल्यांदा भरले.

पुढचे तीन भाग आईनंच लावायला लावले!

तुमच्या आवडत्या अ‍ॅनिमेत डबिंगनं कुणाच्या तोंडी उगाच शब्द घातलेत? सांगा लवकर, आई विचारून राहिली आहे.