रुमालातला प्रसाद

आधी आंटींचं सांगते. कोपरीतल्या जुन्या बैठ्या घरात राहणाऱ्या ख्रिस्ती बाई, पंचाहत्तरीच्या पुढच्या, दोन्ही गुडघे गेलेले. मी त्यांच्याकडे दिवसाच्या कामाला आहे. अंघोळ घालायची, गोळ्या द्यायच्या, बोंबील साफ करायचे, पेपर वाचून दाखवायचा. माझी शाळा सातवीत सुटली, त्यामुळे वाचताना मी अडखळते. आंटी म्हणतात, "सावकाश वाच, बातमी कय पळून नाय जात." त्या रविवारी आंटी माझ्या आणि बाकीच्या माणसांच्या मध्ये उभ्या राहिल्या नसत्या, तर माझं काय झालं असतं हे मला अजून सांगता येत नाही. म्हणून आधी त्या, मग घडलं ते.

मी वाशीमकडची. लग्न होऊन आंबिवलीला आले. नवरा भिवंडीला गोदामात असतो. इकडे माझं माहेरचं कोणी नाही, सगळे तिकडे लांब. एकच मुलगी, सहा वर्षांची. पाऊस संपता संपता तिला डेंग्यू झाला आणि कल्याणला हॉस्पिटलात ठेवावी लागली. रोज सकाळी रक्त काढायचे, रोज प्लेटलेटचा आकडा आदल्या दिवसापेक्षा खाली. डॉक्टर म्हणायचे, "बघू." कुलदेवीला नारळ बोलून झाला, सासूने गावाकडून अंगारा पाठवला, तो पोरीच्या कपाळाला लावून झाला. आकडा खालीच.

शनिवारी आंटींचा फोन आला. "उद्या नवऱ्याला पोरीजवळ बसव नि दोन तास ये. मना मिस्साला जायचं हाय, तुझ्या पोरीसाठी."

दर रविवारी मी त्यांना रिक्षाने चर्चला, मिस्साला म्हणजे त्यांच्या प्रार्थनेला, नेते. त्यांना पुढच्या बाकावर बसवते आणि स्वतः बाहेर झाडाखाली थांबते. आत चपला चालतात हे मला ठाऊक आहे, तरी बाकापर्यंत जाताना मी माझ्या काढूनच जाते. आंटी हसतात, "चोरीला गेल्या तर आमच्या देवावर आळ घेऊ नको हां."

त्या रविवारी त्यांनी मला बाहेर जाऊ दिलं नाही. "बस इथं माझ्याजवळ." मी बसले. मराठीतच सगळं चाललं होतं, पण माझ्या कानात काही शिरत नव्हतं. मोबाईल हातात, नवऱ्याचा मेसेज येतो का ते बघत होते. मग लोक उठून पुढे रांगेत जायला लागले. एरवी आंटींना फादर त्यांचा प्रसाद बाकावरच आणून देतात. त्या दिवशी त्या माझ्या दंडाला धरून उठल्या. म्हणाल्या, "आज पोरीसाठी मी चालत जानार."

एक एक पाऊल टाकत आम्ही रांगेत गेलो. त्यांचे पाय थरथरत होते ते मला माझ्या दंडात कळत होतं. त्यांनी हात पुढे केले, फादरनी पांढरी पातळ चकती ठेवली, त्यांनी तोंडात घातली आणि कडेला सरकल्या. त्यांच्या मागे मीच. फादरचा हात पुढे आला, आणि माझे हातही पुढे गेले. उजवा वर, डावा खाली, लहानपणापासून जसे जातात तसे. पुढच्या सगळ्यांनी 'आमेन' म्हटलेलं ऐकलं होतं, मीही म्हटलं. चकती तळहातावर आली.

मी ती खाल्ली नाही. प्रसाद आपण एकट्याने खातो का? देवळातून आलेला प्रसाद घरी न्यायचा, आजाऱ्याच्या तोंडात आधी. माझ्या मनात एकच आलं, की कुठल्याही देवाचा असो, हा माझ्या पोरीच्या जिभेवर पडला पाहिजे. ब्लाऊजमधला रुमाल काढला, चकती त्यात नीट गुंडाळली, आणि आंटींना धरून बाकावर आले. आठ दिवसांत पहिल्यांदा मला जरा बरं वाटलं होतं.

मिस्सा संपला. पायऱ्यांवर एक गृहस्थ समोर आले. साठीचे, इस्त्रीचा शर्ट, रांगेपाशी फादरच्या बाजूला तेच उभे होते.

"ताई, तुम्ही घेतलंत ते खाल्लंत का?"

"नाही. पोरगी आजारी आहे, तिला नेते."

"कॅथलिक आहात?"

"नाही हो. मी आंटींकडे कामाला आहे."

त्यांचा चेहराच उतरला. "कुठे आहे ते? दाखवा."

मी रुमाल मुठीत घट्ट धरला. मला वाटलं, हे काढून घेणार. तेवढ्यात दोन बाया थांबल्या, मग चौघी. एक म्हणाली, "अगं, ते नेत नाहीत असं! ते येशूचं शरीर आहे!" दुसरी म्हणाली, "हल्ली करणीबिरणीलाही नेतात लोक, कोणाला माहीत." एक तरुण मुलगा मोबाईल काढून उभा राहिला. आजकाल कशावरूनही माणसं जमतात, आणि जमली की काय होईल याचा नेम नाही.

पण खरी भीती त्या लोकांची नव्हती. 'शरीर' हा शब्द ऐकला आणि माझ्या हातातला रुमाल जड झाला. मी देवाचं शरीर घामाच्या रुमालात बांधलं होतं. त्याच रुमालाने सकाळी पोरीची उलटी पुसलेली. आठ दिवस मी देवाच्या पाया पडत होते आणि आज मी देवाचाच गुन्हा करून ठेवला. आता हा देव माझ्या पोरीवर काय काढील?

आंटी कठड्याला धरून उभ्या होत्या. कठडा सोडून त्या माझ्या पुढे आल्या.

"तिला कय विचारतंस? मना विचार. तिला रांगेत मी नेली. सांगायचं मी विसरलू. चूक माझी हाय."

"आंटी, पण नियम..."

"नियम मना शिकवू नको. तुझ्या बापाच्या लग्नात मी जेवलेली हाय. चल, फादरकडं चल. आनि तू रं, तो फोन खिशात घाल, नायतर तुझ्या आईला सांगतंय तू मिस्साला मागं बसून कय बघतंस ते."

पोराने फोन खिशात घातला. बाया हसल्या, आणि पायऱ्यांवरची हवा जरा सैल झाली. माझी मूठ नाही झाली.

फादर मागच्या खोलीत झगा उतरवत होते. चाळिशीचे असतील. आंटींनी सगळं सांगितलं, स्वतःवर घेऊन सांगितलं. फादरनी नुसता हात पुढे केला. मी रुमाल दिला. त्यांनी तो टेबलावर उघडला. चकतीचे दोन तुकडे झाले होते, कडेला चुरा. त्यांनी ते दोन्ही तुकडे उचलले आणि स्वतःच्या तोंडात घातले.

"फादर, नका!" मी ओरडलेच. "घाण आहे तो रुमाल, पोरीची उलटी..."

त्यांनी डोळे मिटून घेतले होते. मग एका वाटीत पाणी घेतलं, रुमाल त्यात झटकला, बुडवून पिळला, दोनदा. ती वाटी घेऊन ते मागच्या दाराने बाहेर गेले. मीही मागे गेले. ते उभे राहून जागा शोधत होते. भिंतीकडेला एक झाड होतं, त्याच्या मुळाशी, जिथे कोणाचा पाय पडणार नाही अशा जागी त्यांनी ते पाणी ओतलं.

माझी आई निर्माल्य असंच टाकते. फुलं, अक्षता, देव धुतलेलं पाणी. "पाय पडला नाही पाहिजे" म्हणत जागा शोधत फिरते. मला रडू फुटलं.

"फादर, एक विचारू? तुमचा देव आणि आमचा देव एकच आहे ना? एकच खरं आहे ना सगळ्यांचं?"

हे मी ज्ञान म्हणून विचारत नव्हते. माझा हिशेब साधा होता. देव एकच असेल तर तो मला लहानपणापासून ओळखतो, त्याला माहीत आहे मला अक्कल नाही, तो माफ करील. वेगळे असतील तर मी एकाचा अपमान केला, आणि त्याच्या दारात गेले म्हणून आमची देवीही रुसली. मग पोरीकडे बघायला कोण राहिलं?

फादर रिकामी वाटी घेऊन खोलीत परत आले, मीही मागोमाग. मग म्हणाले, "हो म्हटलं तर तुम्हाला बरं वाटेल. पण तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी हो म्हणणार नाही. आम्ही जे मानतो ते सगळं तुम्ही मानत नाही. ही भाकर आम्ही सगळ्यांना देत नाही, ज्यांनी बाप्तिस्मा घेतला त्यांनाच देतो. त्याला कारण आहे."

"आमच्यात प्रसादाला कोणाला नाही म्हणत नाहीत," मी बोलून गेले.

बोलले, आणि माझी मलाच लाज वाटली. आमच्या गावात प्रसाद सगळ्यांना मिळायचा, हे खरं. पण आमच्या आळीतल्या माणसांना तो वरून टाकायचे, हात लागू नये म्हणून. आई मला सांगायची, हात अजून वर कर, खाली पडेल. मी देवळात उंच हात करून उभी राहायची. आणि आज या फादरनी माझ्या तळहाताला बोटं लावून ती चकती ठेवली होती, मी कोण हे न विचारता. विचारलं असतं तर दिली नसती, हेही आता कळलं होतं. उंबरा इथेही होता, तिथेही होता.

आंटी खुर्चीत बसल्या होत्या. "फादर, तुमी शिकलेले. मना इतकंच समजतं. त्यांचा देव दगडात येतो, आमचा भाकरीत येतो. येतो तो दोनीकडं, नाय तर आपन कोनाच्या पाया पडतो?"

"आंटी, इतकं सोपं करू नका," फादर हसले. "मला बिशपकडे उत्तर द्यावं लागेल."

"मग नका सांगू बिशपला."

फादर माझ्याकडे वळले. "तुमच्या मुलीला ताप डासाने आला आहे. देवाला डासाच्या रांगेत उभं करू नका. चुकून झालेल्याची शिक्षा लेकराला देणारा देव मला माहीत नाही. तुमच्याकडे आहे का तसा?"

मी नाही म्हणून मान हलवली, पण मनात म्हटलं, कोण जाणे. त्यांनी पोरीचं नाव विचारलं, प्रार्थनेसाठी. मी घुटमळले. तिचं नाव इथे दिलं तर देवीला काय वाटेल? शेवटी दिलं.

हॉस्पिटलात पोचले तर नवरा रिपोर्ट घेऊन उभा. आकडा आणखी खाली. मी त्याला सगळं सांगितलं, सांगायला नको होतं. तो चिडला. "तुला कोणी सांगितलं होतं तिकडे हात पसरायला? आईला कळलं तर म्हणेल बाटली सून. आता बघ, देवी रुसली!" पोरगी डोळे मिटून पडलेली, ओठ सुकलेले. माझं मन म्हणायला लागलं, झालं, शिक्षा सुरू झाली.

जिन्यात जाऊन आंटींना फोन केला. आकडा सांगितला, देवी रुसल्याचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "ऐक. मी इथं माझी माळ घेऊन बसलंय, उठनार नाय. तू तिथं तुझ्या देवीला हाक मार, लाजू नको. एकीनं ऐकलं तरी पुरे. दोघांत भांडण लागलंच तर सोडवायला आपन दोघी हाव ना?" मी रडता रडता हसले. मग खरंच जिन्यात उभी राहून देवीला बोलले, माफी मागितली. कशाची ते नीट सांगता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी आकडा थांबला. तिसऱ्या दिवशी वर आला. पाचव्या दिवशी पोरीने वरणभात मागितला आणि डॉक्टर पहिल्यांदा 'बघू' न म्हणता "घरी न्या" म्हणाले.

कोणी वाचवली? नवरा म्हणतो, देवीने. डॉक्टर म्हणतात, वेळेवर सलाईन लागलं म्हणून. आंटी काही म्हणत नाहीत. मी सगळ्यांचे पाय धरते, आणि तरी अजून पोरगी शिंकली की माझा जीव दचकतो, कोणाचं काही राहिलं तर नाही ना. दोन्हीकडचं खरं एक आहे की नाही, मला अजून कळलेलं नाही. जे कळलं ते इतकंच, की जपायची रीत दोन्हीकडे आहे, आणि कोणाची रीत आपल्या मनाने मोडू नये.

परवा आंटींच्या पायांना तेल लावताना मी म्हटलं, "तुमचे उपकार कसे फेडू सांगा." आधी त्या "वेडी हायस" म्हणाल्या. मग म्हणाल्या, "पोरं कॅनडात. त्यांचं विमान येईस्तोवर मी थांबनार थोडीच? मना भ्या एकच. माझ्या शेवटाला, शेवटची भाकर द्यायला, फादर यायचा राहून जायचा."

आंटी, मी लिहून ठेवते. ती वेळ येईल तेव्हा मी तुमच्याजवळ असेन. आमच्या रीतीचं तुळशीचं पान आणि गंगाजल माझ्या हाताशी असेल, जीव तुटेल, तरी तुमच्या तोंडात ते घालणार नाही. चप्पल न घालता धावत जाईन, फादरना हाताला धरून आणीन, आणि त्यांचं सगळं होईपर्यंत दाराबाहेर उभी राहीन.