खुर्द आणि बुद्रुक

शेरोला अमरावतीत कुणी अरब म्हणायचं, कुणी पठाण. बसऱ्याच्या बंदरातून घोड्यांबरोबर आलेला हा पोरगा एलिचपूरच्या रिसाल्यात घोड्यांची निगा राखणारा मोतद्दार झाला, पुढे ती नोकरी सुटली आणि गडी इथंच गाडीवान होऊन बसला. "मी कुर्द," असं तो जीव तोडून सांगायचा, पण लोकांनी ते आपल्या सोयीनं ऐकलं.

"खुर्द? कोन्तं खुर्द?" शेजारची माळीण पार्बताबाई विचारायची. "अन् बुद्रुक कुठी हाय?"

आता काय सांगावं? डोंगर एकच, माणसं एकच. पण अलीकडे रूमच्या, म्हणजे तुर्कांच्या, सुलतानाचा अंमल, पलीकडे इराणच्या शाहाचा. त्यानं एवढं सांगितल्यावर पार्बताबाईनं मान डोलावली. "मंग बराबर! अलीकडचं खुर्द, पलीकडचं बुद्रुक." शेरोनं हात टेकले.

त्याची बोली ऐकायला साऱ्या वऱ्हाडात एकच जण होता, त्याचा बैल चांद्या. आई जशी 'वेरे', म्हणजे 'ये', म्हणायची, तशीच हाक मारून तो बैलाला बोलवायचा. बैल यायचा, पण उलटून बोलायचा थोडाच! हळूहळू शेरोच्या मनात भलतीच शंका शिरली. आपण बोलतो ती खरंच आईची बोली, की विसरता विसरता आपणच रचलेली बडबड? ठरवणार कोण? त्या शंकेनं तो पार हैराण झाला होता.

मग अमेरिकेत लढाई जुंपली, तिकडचा कापूस अडला, इथला सोन्याच्या भावानं जायला लागला, आणि ज्यांनी जन्मात तट्टू पाळलं नव्हतं त्यांनाही अरबी घोडा हवासा झाला. त्या मोसमात बाजारात घोड्यांचा एक सौदागर उतरला. तो म्हणे कुर्दच, पण इराणच्या अंगाचा. भाजीची पाटी गाडीत टाकत पार्बताबाई म्हणाली, "भाऊ, तुमचा बुद्रुकवाला आला! चाला लवकर."

शेरोनं धुतलेला फेटा बांधला. सौदागरासमोर उभा राहून, सगळा धीर गोळा करून, तो आपल्या बोलीत बोलला. सौदागर टकमक बघत राहिला. मग तोही काहीबाही बोलला. शेरो 'मी'ला 'एझ' म्हणे, तर हा 'मिन'. कुणाचं कुणाला काही कळेना. शेवटी सौदागरानं मोडक्या हिंदुस्तानीत विचारलं, "चाचा, ये कौन-सी जबान है?"

शेरोला वाटलं, म्हणजे बडबडच होती ती! तो गाडीपाशी येऊन बसला.

तेवढ्यात चांद्यानं दावं तोडलं आणि कुणाच्या तरी सरकीच्या ढिगाकडे धाव घेतली. पार्बताबाईनं शेरोकडूनच उचललेली हाक ठोकली, "वेरे! अरे मेल्या, वेरे!"

बैल वळला. आणि हातातला लगाम सोडून सौदागरही आला.

"तुमाले कोनं बलावलं?" पार्बताबाई गोंधळली. "मी त बैलाले बलावून राहिली!"

"वेरे," सौदागर म्हणाला. "हमारे घर में ऐसे ही बुलाते हैं."

शेरो उठला. त्याला हसू येत होतं आणि डोळेही भरून येत होते. त्यानं भीत भीत, आईसारखाच सूर धरून म्हटलं, "वेरे."

सौदागर येऊन गाडीवर त्याच्या शेजारी बसला.