सारंगलेखेचा चौथा चेहरा

नरसय्यामामा पेंटर कुणाचंही चित्र काढण्याआधी डोळे मिटून त्याचा आवाज ऐकत. सोलापूरच्या नाटकगृहात मी पहिल्यांदा पाऊल ठेवलं, तेव्हा ते खळ लावून ताणलेल्या कापडापुढे मांडी घालून बसले होते. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "बाई, चेहरा मागनं बघतो की. आदी एक पद म्हणा." पद संपल्यावर त्यांनी डोळे उघडले. "लई उशीर केला या नाटकानं तुमाला आणायला," एवढंच बोलले.

नाटक होतं 'संगीत सारंगलेखा'. बापाला न जुमानता स्वतःच्या मर्जीनं वर निवडणाऱ्या राजकन्येची गोष्ट. वर्षानुवर्षं ते गावोगाव चाललं होतं, पण राजकन्या आजवर पुरुषांनीच केली होती. आता गावात बोलपट आले, खुर्च्या ओस पडू लागल्या, म्हणून कंपनीच्या मालकांनी राजकन्या करायला मला, एका गाणाऱ्या बाईला, जेऊरहून बोलावलं.

मामा विणकरांच्या घरातले, घरी तेलुगू बोलणारे. सारंगलेखेचे सगळे जुने फलक त्यांनी गुंडाळून जपले होते. एकेक उलगडून मला दाखवले. सर्वांत जुन्यावर नुसती लाल अक्षरं. पुढच्या तिन्हींवर तीन नट, शालू नेसलेले. "ह्यो पयला. दाढीची हिरवी झाक लपवायला गालावर गुलाबी रंग थापला. ह्यो दुसरा. गळा गोड, पन हात पैलवानाचे, म्हनून हातभर कमळं दिली. तिसरा देखना व्हता, पन उंच सुरापाशी डोळं बारीक करायचा." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमच्यात मला झाकायला काय न्हाय."

मालकांना बाई रंगमंचावर हवी होती, फलकावर मात्र नको होती. "जुन्या नटाचाच चेहरा काढा," ते म्हणाले, "आधी बाईचं नाव वाचलं तर लोक खेळ उधळतील; एकदा गाणं ऐकलं की बसतील."

मामांनी कुंचला धुवायला घेतला. "गानार ही, आन् तोंड दुसऱ्याचं? असली खोटी पाटी मी रंगवत न्हाय. दुसरा पेंटर बघा."

खेळ चार दिवसांवर आला होता. मालकांनी हट्ट सोडला. मामांनी माझा चेहरा पुरुषभर उंच काढला आणि खाली माझं नाव नाटकाच्या नावाएवढं मोठं लिहिलं. तो फलक त्यांनी चौकात लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकातल्या त्या चेहऱ्याला कुणीतरी डांबर फासलेलं होतं. मामांनी ते खरवडलं, पुन्हा रंगवलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा डांबर. मी बोचकं बांधलं आणि त्यांना सांगितलं, "मामा, मी जेऊरला परत जाते. माझ्यापायी तुमची विटंबना नको."

"डांबर तुमच्या तोंडाला लागलंय का माज्या?" ते शांतपणे म्हणाले. "लागलंय कापडाला. कापड आमी रोज इनतो. जायचं तर जावा, पन आदी चौकात येऊन एकदा समोर बसा. डोळं नीट जमलं न्हाईत."

मी गेले. भर बाजाराच्या वेळी, एका उपड्या खोक्यावर बसले. मामा शिडीवर चढून रंगवू लागले. गर्दी जमली. काळ्या टोपीतले एक गृहस्थ पुढे येऊन म्हणाले, "पेंटर, किती वेळा रंगवणार आहात?"

"तुमचं डांबर संपंस्तवर," मामा मागे न वळता म्हणाले.

कुणीतरी हसलं. दोघं-चौघं विणकर कामावर जाता जाता थांबले आणि शिडी धरून उभे राहिले. त्यांच्यातल्या एकानं मला विचारलं, "ताई, गाणार तुम्हीच ना?" मी हो म्हटलं. बोचकं मी त्याच दुपारी सोडलं.

खेळाला पहिल्या अंकात टवाळीच्या शिट्ट्या झाल्या, दुसऱ्यात कमी झाल्या, तिसऱ्यात लोकांनी एकच पद तीनदा म्हणवून घेतलं. फलकावर पुन्हा डांबर पडलं नाही.

मुक्काम हलला तेव्हा मामा स्टेशनवर पोचवायला आले. त्यांना खोकला लागला होता, रंगांनी छाती धरली होती. ती आमची शेवटची भेट. वर्षाच्या आतच ते गेले. त्या दिवशी गाडी येताना मी पाया पडायला वाकले, तर त्यांनी दोन्ही दंड धरून मला उभं केलं.

"नगं, बाई," ते म्हणाले. "तुमाला आता गावोगाव लोकांपुढं उभं ऱ्हायचंय. वाकायची सवय लागू देऊ नगा."