समोर जायचंय

रस्त्याच्या कामात पडलेल्या माणसाला किस्से शोधावे लागत नाहीत. ते अंगावर येतात, आणि आमच्या हडपसरमध्ये तर बहुतेक राँग साइडने येतात. माझं चष्म्याचं दुकान बसस्टॉपच्या अगदी मागे आहे, त्यामुळे आमच्या गटाच्या मीटिंगा, भांडणं आणि चहा सगळं माझ्याच काउंटरवर होतं. चहा संपतो, किस्से साठत जातात.

गट म्हणजे आम्ही चौघं. बँकेतून निवृत्त झालेले नेनेकाका, आयटीतली सोनल, मी आणि कुसुममावशी. खरं तर सगळं मावशींमुळेच सुरू झालं. त्यांची धाकटी बहीण लीला रस्त्यापलीकडच्या इमारतीत राहते. दोघी रोज आपापल्या गॅलरीतून एकमेकींना हात करतात आणि मग फोनवर बोलतात. मावशींच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि चालत जाणं-येणं बंद पडलं, कारण आमचा रस्ता ओलांडायला पळावं लागतं. मावशींची मागणी एवढीच होती: लीलाकडे आपल्या पायांनी जायचं, कुणाचा हात न धरता.

तोवर त्या रिक्षाने जायच्या, पुढच्या चौकातून वळून. एकदा रिक्षावाल्याने विचारलं, "कुठं जायचंय?"

मावशींनी समोरच्या इमारतीकडे बोट दाखवलं.

"मग जा की," तो म्हणाला.

*

पहिल्या मीटिंगचे विषय दोन, बस वाढवा आणि क्रॉसिंग द्या. आसपासच्या सोसायट्यांतून चांगली गर्दी झाली. सगळे आले दुचाकीवरून, आणि माझ्या दुकानासमोर पार्किंगवरून जुंपली. नेनेकाका म्हणाले, "आपण बससाठी जमलो आहोत. निदान भांडण तरी बसवरून करू या."

पुढच्या वेळी सगळ्यांनी बसनेच यायचं ठरलं. त्या दिवशी बसच येईना. शेवटी जे आले होते त्यांना घेऊन स्टॉपवरच मीटिंग सुरू केली. तिथे एक अनोळखी गृहस्थ बसची वाट बघत उभे होते, त्यांनी प्रत्येक मुद्द्यावर मत मांडलं, तेही चांगलं. नेमकं हात वर करून मतदान घ्यायची वेळ आली आणि त्यांची बस आली. गृहस्थ चढले, खिडकी गाठली आणि तिथून हात बाहेर काढला.

कंडक्टर ओरडला, "हात आत घ्या!"

"एक मत मागे घेतलं गेलं," नेनेकाकांनी जाहीर केलं.

*

महापालिकेत खेटे घालून घालून शेवटी तिथले एक तरुण इंजिनिअर पाहणीला आले. जीपमधून उतरले ते नेमके पलीकडे. तिथूनच त्यांनी नेनेकाकांना फोन लावला. "इथे क्रॉसिंगची गरज दिसत नाही हो. कुणी रस्ता ओलांडतच नाहीये."

"खरं आहे. आपण इकडे या ना, चहा ठेवलाय."

साहेब एक पाऊल पुढे टाकायचे आणि दोन मागे घ्यायचे. आम्ही चहा पुन्हा गरम केला. शेवटी ते जीपमध्ये बसले आणि चौकातून वळून आमच्याकडे आले. मावशींनी त्यांना खुर्ची दिली आणि अगदी मायेने म्हणाल्या, "मी पण अशीच जाते हो."

साहेब मनापासून हसले, आणि त्या दिवसापासून आमचं काम त्यांनी आपलंच मानलं. नाव लिहीत नाही, उगाच त्यांच्या मागे व्याप लागायचा. पण त्यांचे उपकार आम्ही विसरणार नाही.

*

काम मंजूर होईपर्यंत आम्ही रोज संध्याकाळी जुन्या पुसट झेब्रा पट्ट्यांवरून, मधल्या दुभाजकावर चढून-उतरून, आळीपाळीने रस्ता ओलांडत राहायचो, गाड्यांना थांबायची सवय लागावी म्हणून. जो थांबेल त्याचे हात जोडून आभार मानायचे, हा नेनेकाकांचा नियम. सोनल म्हणाली, "काका, इट्स सो ऑकवर्ड." अवघडच होतं ते. पुण्यात अनोळखी माणसाने आभार मानले की समोरचा आधी स्वतःचं पाकीट चाचपतो.

एकदा मीटिंगमुळे आमची संध्याकाळ चुकली. दुसऱ्या दिवशी एक भाजीचा टेम्पो पट्ट्यांपाशी थांबला आणि ड्रायव्हरने डोकं बाहेर काढलं. "काल बी थांबलो हुतो. तुमी कुनीच नव्हता."

नेनेकाकांनी त्याचे कालचे आणि आजचे वेगवेगळे आभार मानले.

*

आणि क्रॉसिंग झालं. दुभाजक कापला, रस्ता थोडा उंच करून त्यावर ठळक पट्टे आले. पहिल्या दिवशी मावशींनी इस्त्रीची साडी नेसली आणि आम्हाला बजावलं, "कुणी माझ्याबरोबर यायचं नाही."

आम्ही फुटपाथवर श्वास रोखून उभे. मावशी निघाल्या. काठी, पाऊल, काठी, पाऊल. अलीकडच्या गाड्या थांबल्या. मावशी दुभाजक ओलांडून पुढे गेल्या. पलीकडून एक बस येत होती, तीही थांबली. बाजूने दुचाक्या घुसायला लागल्या तशी ड्रायव्हरने बस जराशी तिरकी घेतली आणि सगळी वाट अडवली. सोनलच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही.

तेवढ्यात समोरून लीला आली. तिला गॅलरीत धीर निघाला नव्हता. दोघी बसच्या पुढ्यात, भर पट्ट्यांवर समोरासमोर.

"तू कशाला आलीस? मी येतेय ना!"

"तुला एकटीला कशी येऊ देऊ?"

"एकटीच येणार होते मी. सगळ्यांना सांगून ठेवलंय."

"बरं, चल आता माझ्याकडे. साबुदाणा भिजवलाय."

"आता एवढी आलीच आहेस तर तूच चल. गॅलरीतून किती दिवस बघणार माझं घर?"

दोघींपैकी एकही हलेना. मागे हॉर्न वाजायला लागले. बसमधली माणसं खिडक्यांतून डोकावायला लागली. आम्ही धावणार, एवढ्यात ड्रायव्हरने इंजिन बंद केलं, खिडकीतून वाकला आणि म्हणाला, "निवांत ठरवा आज्जी. मी थांबलोय."