तोंडानं घातलेली शपथ

पडदा वर जातो तेव्हा समोर तीर्थपुरीच्या बाहेरची एक वस्ती आहे. साल एकोणीसशे चौऱ्याण्णव, एप्रिलमधली दुपार. मधोमध दोन खणांचं पत्र्याचं घर. डाव्या अंगाला लिंब, लिंबाखाली बाज, बाजेवर धुतलेलं लुगडं पसरून त्यावर कुरडया. उजव्या अंगाला विहीर आहे, पण ती दिसत नाही. तिच्यावर बाभळीच्या वाळलेल्या फांद्यांचा ढीग, आणि पायऱ्यांच्या तोंडाशी एक मोडका लोखंडी पलंग आडवा लावलेला. ढिगातून मोटारीचा पाइप तेवढा बाहेर आला आहे. बाजेशी बसून सोऱ्या दाबणारी बाई म्हणजे साळूबाई. मी डावीकडून येतो. हातात आंतर्देशीय पत्र.

तीस वर्षं मी नाटक कंपनीबरोबर हिंडलो. मिसरूड फुटेपर्यंत राण्या केल्या, मग राजे, दात पडायला लागल्यावर प्रधान. कंपनी मोडली तेव्हा गावी आलो आणि साळूबाईंच्या बांधाला लागून असलेल्या माझ्या तुकड्यावर खोली टाकली. पुष्कळ मोठमोठ्या बायका मी रंगवल्या. साळूबाई मात्र मला कधी रंगवता आल्या नसत्या, म्हणून त्यांच्याबद्दल लिहायचं राहून गेलं होतं. त्यांना जाऊन आता दोन वर्षं झाली.

त्यांचा मुलगा बद्रीनाथ जालन्याला बीएस्सी झाला, दुसऱ्या खेपेला लष्कराची परीक्षा पास झाला आणि अधिकारी होण्यासाठी डेहराडूनच्या अकादमीत दाखल झाला. आमच्या भागातून जवान पुष्कळ गेले होते, अधिकारी व्हायला कुणी गेल्याचं ऐकिवात नव्हतं. पारावर लोक म्हणायचे, "नाव बद्रीनाथ ठिवलं, पोरगं गेलं तिकडंच." त्याचे वडील सर्जेराव चौथी शिकलेले, पण ते एकेक अक्षर लावत बसायचे तोवर साळूबाईंचा धीर सुटायचा. म्हणून पत्र वाचायचं आणि लिहायचं काम माझ्याकडे आलं.

पहिलं पत्र मी माझ्या पद्धतीनं वाचलं होतं. 'आई' या शब्दापाशी थांबलो, आवंढा गिळला, आवाज खाली आणला. साळूबाईंनी हात वर केला.

"आप्पा, त्यानं तितं आवंढा लिवलाय का?"

"नाही."

"मंग जेवढं लिवलंय तेवढंच वाचा."

तेव्हापासून मी बाजारभाव वाचावेत तशी पत्रं वाचायला शिकलो. लिहितानाही तीच शिस्त. त्या सांगायच्या, "लिवा, गाय व्याली. कालवड झाली. वांग्यावर कीड हाय. बूट चावत आसंल तर आतून तेल लाव." एकदा मी मनानंच एक ओळ घातली, 'तुझ्या आठवणीनं घास उतरत नाही.' त्यांनी पत्र परत वाचून घेतलं आणि ती ओळ खोडायला लावली.

"माझा घास बराबर उतरून राह्यलाय. लेकराला खोटं काहून कळवायचं?"

पण बद्रीनं पाठवलेलं दिवसाचं वेळापत्रक त्यांना तोंडपाठ होतं. घरात घड्याळ नव्हतं. लिंबाची सावली कुठं आली ते बघून त्या म्हणायच्या, "आता दोरावर चढून राह्यले आसतील." सावली रांजणापाशी आली की, "आता जेवण. काट्या-चमच्यानं पोळी खातेत म्हणं." मग मला विचारायचं, "तुमी राजा हुता ना, तुमी कसं खात हुता?" मी सांगायचो, आमच्या ताटात लाकडाचे लाडू असायचे, वहिनी. राजा म्हणून मी न जेवताच हात धुतले.

तर त्या दुपारी मी पत्र फोडलं आणि सरळ वाचलं. बद्रीनं लिहिलं होतं की कवायत झाली, नेमबाजी झाली, धावण्यात तो पहिल्या दहांत आला. फक्त पोहणं राहिलं आहे. दहा मीटर उंच फळीवरून उडी मारायची आणि पोहत पलीकडची कड गाठायची. काठावर दोघं शिकवणारे असतात, एक पाण्यात. दोनदा तो फळीवर चढला आणि दोन्ही वेळा तसाच जिन्यानं खाली उतरला. मेच्या वीस तारखेला शेवटची संधी. तेव्हाही जमलं नाही तर सहा महिने मागे, पुढच्या तुकडीबरोबर. आणि मागे राहूनही जमलं नाही तर घरी. शेवटी एक ओळ होती, 'आई, तुला माहीत आहे.'

"हे काय, वहिनी? काय माहीत आहे?"

साळूबाईंनी सोऱ्या खाली ठेवला. हाताचा चीक पदराला न पुसता तसाच ठेवून त्या विहिरीकडं बघत राहिल्या.

मग त्यांनी सांगितलं. बद्रीच्या आधीचा त्यांचा मुलगा, वसंता, अकरा वर्षांचा असताना याच विहिरीत बुडाला. तेव्हा मी कंपनीबरोबर लांब कुठंतरी होतो. मुलगा गेला एवढंच मला पुढं कळलं होतं. तिसऱ्या दिवशी साळूबाईंनी सात वर्षांच्या बद्रीचा हात आपल्या गळ्यावर ठेवून त्याच्याकडून शपथ घेतली: गुडघ्याच्या वर पाणी लागू द्यायचं नाही, लागलं तर आई मेली. विहीर त्यांनी काट्यांनी बुजवली. पोरं ओढ्यात डुंबायची तेव्हा बद्री काठावर त्यांचे कपडे राखत बसायचा. पोरं त्याला मांजर म्हणायची. त्यानं कारण कुणाला सांगितलं नाही.

"पाण्याला भेत न्हाई तो," साळूबाई म्हणाल्या. "फळीवरून खाली बघतो तवा त्याला मी मेलेली दिसत आसंल."

"एवढंच ना? आत्ता लिहितो. शपथ सुटली, तुझी आई."

"लिवून कशी सुटंल? तोंडानं घातल्ती. त्यानं कानानं ऐकल्ती."

"मग कॅसेटवर बोला, पाठवून देऊ. तुम्हाला बोलवत नसेल तर मी बोलतो. तुमचा आवाज मला हुबेहूब काढता येईल."

"आवाज तुमी काढाल, आप्पा," त्या म्हणाल्या, "पर मरायचं मला हाय."

सर्जेराव रानातून आले. कपाशीची वाळलेली पऱ्हाटी उपटून हात सोललेले. सगळं ऐकून म्हणाले, "सोडली म्हणलं की सुटली. जल्दी काय ते ठरीव. वीस तारीख काय लांब न्हाई."

"तुमचं काय जातंय बोलाया. त्याला भाईर काढला तवा मी हुते. तुमी जालन्याला गेल्ता, बियाणं आणाया."

सर्जेरावांनी रांजणात लोटा बुडवला. लोटाभर पाणी पिऊन ते पुन्हा रानात गेले.

चार-पाच दिवस तसेच गेले. मी रोज सकाळी तारीख मोजायचो. पत्र डेहराडूनला पोचायला सहा दिवस लागायचे. मला वाटायचं, मरणाला भिऊन त्या गप्प असतील. एके संध्याकाळी त्या आपणहून बोलल्या, तेव्हा कळलं की मी चुकीचं नाटक बघत होतो.

"माझ्या मरणाचं काय न्हाई, आप्पा. शपथ सोडली आन् त्यालाच पाण्यानं घेतलं तर? एक मी राखला न्हाई. दुसरा मी हातानं ढकलू?"

मी एवढंच म्हणालो, "वहिनी, तिथं शिकवणारे काठावर उभे असतात."

"किती?"

"बद्रीनं लिहिलंय ना, दोघं. आणि एक पाण्यात."

त्यांनी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीकडून कोयत्याचे घाव ऐकू आले. सर्जेराव फांद्या तोडत होते आणि साळूबाई आकड्यानं ओढून बाजूला टाकत होत्या. पंधरा वर्षांची बाभूळ. दोघांचे हात रक्ताळले. मी पुढं झालो तर म्हणाल्या, "तुमी पलंग उचला." दुपारपर्यंत तोंड मोकळं झालं. साळूबाईंनी पदर खोचला आणि पायऱ्या उतरायला लागल्या. सर्जेराव तीन पायऱ्या मागं. उन्हाळ्याचं पाणी, बरंच खाली गेलेलं. त्या शेवटच्या पायरीवर थांबल्या, मग पाण्यात उतरल्या. कमरेपर्यंत. किती वेळ उभ्या होत्या मी सांगू शकत नाही.

वर आल्यावर लुगडं पिळत सर्जेरावांना म्हणाल्या, "गाळ लई झालाय. काढावा लागंल." मग माझ्याकडं वळून, "आप्पा, आता लिवा त्याला. फोनवर ये म्हणावं."

गावात पोस्टात फोन होता, पण त्यावर बाहेरगावची लाइन लागणं हा नशिबाचा भाग होता. नवीन जालन्यात स्टेशनच्या वाटेवर रामकिसनचं एसटीडी बूथ होतं. रामकिसन माझ्या नाटकांना पुढच्या रांगेत बसणारा माणूस. त्याचा नंबर लिहिला, पंधरा मे, रविवार, सकाळी अकरा. पत्र पोचलं की नाही हे कळायला काही मार्ग नव्हता. रविवारी पहिल्या एसटीनं मी आणि साळूबाई निघालो. सर्जेराव गाळ काढायला थांबले.

साडेदहाला बूथवर पोचलो. बियाण्यांचा हंगाम तोंडावर. अकराला पाच कमी असताना एक व्यापारी आत घुसला आणि कपाशीच्या थैल्यांवरून कुणाशी तरी वाद घालायला लागला. अकरा झाले. सव्वाअकरा झाले. फोन एकच. रामकिसन काचेवर टकटक करायचा, तो आतून हातानं थांब म्हणायचा. साळूबाई उठल्या, दार उघडलं.

"भाऊ, माझं लेकरू डेहराडूनहून फोन लावून राह्यलंय. तुमची थैली थोडा येळ खाली ठिवा."

त्यानं वर बघितलं, फोन ठेवला आणि बाहेर येऊन उभा राहिला. चार मिनिटांनी घंटी वाजली.

मी दारात होतो. मला एकच बाजू ऐकू येत होती.

"कोण, बद्री? जेवला का? बरे हाओत दोघंबी. ऐक. वसंताच्या टायमाची शपथ हाय ना, ती सुटली. न्हाई, आप्पानं न्हाई शिकवलं. माझा हात माझ्या गळ्यावर हाय. सुटली, सुटली, सुटली. आता तू म्हण. तुझ्या तोंडानं."

त्या ऐकत राहिल्या. व्यापाऱ्यानं टोपी काढून हातात घेतली होती.

"मला काय व्हत न्हाई. मी इहिरीत उतरून आले, कमरेपर्यंत. बिलकुल बरी हाय. आता तू उडी मार, आन् भाईर ये. भाईर यायचं इसरू नको."

परतीच्या एसटीत अंबड मागं पडल्यावर त्यांनी विचारलं, "तितल्या पाण्यात गाळ आसतो का?"

"नाही वहिनी. खाली फरशी असते."

"मंग बरं."

वीस तारीख आली. त्या दिवशी साळूबाई सावलीकडं बघत नव्हत्या. सकाळपासून सर्जेरावांबरोबर गाळाच्या पाट्या वाहत होत्या. पुढचे आठ दिवसही तेच. पोस्टमन वाटेत दिसला तरी त्या मान वर करायच्या नाहीत.

शेवटचा प्रवेश. तीच वस्ती, तोच लिंब. कुरडया डब्यात गेल्या आहेत. उजव्या अंगाला विहीर उघडी, काठावर काळ्या गाळाचा ढीग वाळत पडलेला. सर्जेराव काठावर बसले आहेत, साळूबाई पाटी टेकून उभ्या. मी डावीकडून येतो, पत्र फोडतो आणि सरळ वाचतो.

'तीर्थरूप आई व दादा यांस, फोन झाल्यावर पाच दिवस सकाळ-संध्याकाळ पोहायला शिकलो. वीस तारखेला उडी मारली. नाकात पाणी गेलं. पलीकडच्या कडेला पोचलो आणि बाहेर आलो. पास झालो. बूट आता चावत नाहीत. तुमचा बद्री.'

पत्र संपलं. सर्जेराव टॉवेलनं तोंड पुसायला लागले आणि पुसतच राहिले. साळूबाईंनी पाटी खाली ठेवली, हात धुतले, बाज लिंबाखाली ओढली आणि तिच्यावर नीट मांडी घालून बसल्या.

"आप्पा," त्या म्हणाल्या, "आता तुमच्या पद्धतीनं वाचा."